लंडनमध्ये नोकरी, पण घर कुठे घ्यावं? स्लाउ, लूटन, रेडिंग की मिल्टन कीन्स?

टेकडीवरचा
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, आज गरज पडली म्हणून पहिला धागा काढतोय.

नवीन नोकरी लंडनला मिळाली आहे. ऑफिस फॅरिंग्डन स्टेशनपासून पाच मिनिटांवर. आठवड्यातून तीन दिवस जायचं, दोन दिवस घरून काम. पगार वर्षाला ५०,००० पौंड. कर वगैरे जाऊन महिन्याला साधारण ३,२९० हातात येतील असं गणित दिसतंय. सोबत बायको आणि मुलगी. मुलीला फेब्रुवारीत चार वर्षं पूर्ण झाली. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात निघायचंय. पहिले दोन आठवडे हॉटेल कंपनीकडून, पुढचं आपलं आपण बघायचं.

खुद्द लंडनात दोन बेडरूमचं घर आम्हाला झेपणार नाही, हे एव्हाना कळलंय. भाडं १,५०० पर्यंत ठेवायचंय. रात्र रात्र नकाशे बघून चार गावं निवडली आहेत: स्लाउ, लूटन, रेडिंग, मिल्टन कीन्स. आजवर पुण्यात स्कूटरवरून ऑफिसला गेलोय, रेल्वेच्या पासावर जगायची सवय नाही. तिथे राहणाऱ्यांनी सांगावं, कुठे राहिलं तर महिनाअखेर चार पैसे उरतील?

ठाकुर्लीकर
अभिनंदन! मी लूटनला सहा वर्षं आहे, तर आधी माझ्या गावाची बाजू मांडतो. फॅरिंग्डन ऑफिस म्हणजे तुमचं नशीब चांगलं. थेम्सलिंकची गाडी लूटनहून थेट फॅरिंग्डनला येते, मध्ये बदलाबदली नाही, पाऊण तासाच्या आत. घर बघताना लूटन मुख्य स्टेशनपेक्षा आधी शेजारचं लीग्रेव्ह बघा. तीच गाडी, पण जरा निवांत वस्ती. आम्ही तिथे दोन बेडरूमच्या टेरेस घराला (म्हणजे भिंतीला भिंत लागून असलेल्या रांगेतल्या घराला) १,३०० देतो. पुढे-मागे अंगण नावापुरतं आहे, पण कढीपत्त्याची कुंडी खिडकीत जगली आहे.

बरी पार्क भागात भाजी स्वस्त आणि ताजी. मेथी, भेंडी, कच्ची कैरी, सगळं मिळतं.

शमिका
लूटनचं भाडं कमी आहे खरं, पण पासाचे पैसे त्यात धरलेत का ठाकुर्लीकर? माझ्या मते प्रश्न तिथेच आहे.

ठाकुर्लीकर
धरलेत ताई. मी पण तीनच दिवस जातो. फ्लेक्सी सीझन घेतो. त्यात २८ दिवसांत वापरायचे ८ दिवसांचे पास मिळतात. तीन दिवसांच्या हिशेबाने ते तीन आठवड्यांच्या आत संपतात, मग पुढचं बंडल. भाड्यात वाचतं त्यातला बराचसा भाग गाडी खाते, हे मान्य. तरी थोडं उरतं.

एक गोष्ट नव्या माणसाला कुणी सांगत नाही. वार्षिक पासाची किंमत आठवड्याच्या पासाच्या ४० पट असते, म्हणजे १२ आठवडे फुकट पडतात. पण पाच दिवस जाणाऱ्यालाच ते फायद्याचं. तीन दिवस जाणाऱ्याने आधी महिनाभर सुटी तिकिटं काढून बघावं आणि मग ठरवावं.

नीरा_भीमा
रेडिंगहून लिहितेय. आधी उच्चार: रेडिंग, रीडिंग नाही. आणि स्लाउ 'काउ'सारखं. तिकीट खिडकीवर उपयोगी पडेल.

रेडिंग गाव म्हणून सगळ्यात छान. दोन नद्या आहेत, थेम्स आणि केनेट. मोठं स्टेशन, आजूबाजूला आयटी कंपन्या, त्यामुळे अर्ली, लोअर अर्ली, वुडली, विनर्श या भागांत मराठी घरं भरपूर. व्हिटली स्ट्रीटवर मंदिर आहे. जलद गाडीने लंडनचं पॅडिंग्टन स्टेशन पंचवीस मिनिटांच्या आसपास, पुढे एलिझाबेथ लाइन या रेल्वेने तीन थांबे आणि फॅरिंग्डन. पण स्पष्टच सांगते, १,५०० च्या मर्यादेत तुम्हाला रोज लंडनला जायचं नसेल तरच इथे या. लंडनचा वार्षिक पास पाच हजार पौंडांच्या वर आहे. माझ्या नवऱ्याचं ऑफिस रेडिंगमध्येच आहे म्हणून आम्हाला परवडतं.

वाईकर
स्लाउला माझं मत. २०२२ मध्ये एलिझाबेथ लाइन सुरू झाली आणि गावाचा नूरच पालटला. आधी सगळ्यांना पॅडिंग्टनला उतरून भुयारी रेल्वेत घुसावं लागायचं. आता स्लाउला बसलं की थेट फॅरिंग्डन, पाऊण तास. घाई असेल तर जलद गाडीने पॅडिंग्टन वीस मिनिटांत आणि तिथून एलिझाबेथ.

पास वगैरे भानगड नाही, बँकेचं कार्ड किंवा फोन टेकवायचा. फक्त लंडनच्या प्रवासाचं ऑयस्टर कार्ड चालत नाही, ते वेस्ट ड्रेटनपर्यंतच. माझ्या बहिणीचे दीर ऑयस्टर टेकवून बसले आणि स्लाउला फाटकात अडकले होते. तीन दिवसांच्या येण्याजाण्याला मला महिन्याला अडीचशे ते तीनशेच्या मध्ये लागतात.

आणि हो, आपण लहानपणी हॉर्लिक्स प्यायचो ना, त्याचा इंग्लंडमधला जुना कारखाना इथलाच. चिमणी अजून उभी आहे, आत आता फ्लॅट झालेत.

चिवडा_पातळ_पोह्यांचा
मिल्टन कीन्सला कुणीच वाली नाही का? मी आहे. आठ वर्षं झाली. हे गाव १९६७ साली कागदावर आखून मग बांधलेलं आहे. रस्ते चौकटीत, उभ्यांना व्ही आणि आडव्यांना एच, पुढे आकडा. दर चौकात गोल चक्कर. घरं तुलनेने नवी, म्हणजे भिंतीत ओल कमी. सायकलींसाठी आणि पायी चालणाऱ्यांसाठी रेडवे म्हणून वेगळे लाल रस्ते आहेत, मुलं मोटारींच्या वाटेला न जाता शाळेत जातात. तळी तर किती! १,४०० मध्ये दोन बेडरूम, गाडी उभी करायला जागा, मागे बाग, एवढं लंडनजवळ कोण देतं?

लंडनच्या युस्टन स्टेशनला जलद गाडी पाऊण तासाच्या आत. युस्टन स्क्वेअरपर्यंत चालत जा, तिथून दुसरा थांबा फॅरिंग्डन.

शमिका
पण तिथे मोटारीशिवाय पान हलत नाही ना?

चिवडा_पातळ_पोह्यांचा
बस आहेत. पण खरं सांगायचं तर मोटार लागते. भारतातलं लायसन्स राहायला आल्यापासून १२ महिने चालतं, तेवढ्यात इथली परीक्षा द्यायची. विमा मात्र पहिल्या वर्षी जबर बसतो, तो हिशेबात धरा.

काकू_हाउन्स्लोच्या
मी इथे ३१ वर्षं आहे, म्हणून जरा अधिकाराने लिहिते. तुम्ही सगळे मुलाला लंडनबाहेर का पिटाळताय? हाउन्स्लो, फेल्टम, हेज, साउथॉल इथे भाडं शंभर-दोनशे जास्त जाईल, पण गाडीचं भाडं निम्म्यावर येतं. साउथॉल आणि हेज दोन्ही एलिझाबेथ लाइनवरच आहेत. बेरीज करून बघा.

विमानांचं मात्र सांगायला हवं. आमच्या डोक्यावरून हीथ्रोची विमानं उतरतात, पहाटे साडेचार-पावणेपाचला पहिलं. पश्चिमेचा वारा असला की दुपारी तीनला धावपट्टी बदलतात, म्हणजे सकाळी आवाज असेल तर दुपारनंतर शांत, दुसऱ्या आठवड्यात उलट. वारा फिरला की उतरणारी विमानं विंडसर, डॅचेटच्या बाजूने येतात. घर बघायला जाल तेव्हा एकदा सकाळी आणि एकदा तीननंतर जा. एजंट बरोबर शांत वेळेलाच बोलावतो.

टेकडीवरचा
सगळ्यांचे मनापासून आभार. काकू, तीनचं हे गणित मला कुठल्याच व्हिडिओत दिसलं नव्हतं.

एक शंका. इथूनच ऑनलाइन घर ठरवून डिपॉझिट भरलं तर चालेल का? एका जाहिरातीत स्लाउला १,१०० मध्ये दोन बेडरूम दिसतंय, फोटो सुंदर आहेत. मालक म्हणतो तो परदेशात आहे, पैसे आले की चावी कुरिअरने पाठवतो.

वाईकर
अजिबात नको!!! एक पैसा पाठवू नका.

नीरा_भीमा
+१. ही फसवणूक आहे, शंभर टक्के. आमच्या ओळखीतल्या एका मुलीचे ९०० पौंड असेच गेले. पत्ता खरा होता, घरही खरं होतं, त्यात दुसरंच कुटुंब राहत होतं. बिचारी सामान घेऊन दारात उभी.

जुई_र
घर डोळ्यांनी बघितल्याशिवाय पैसे नाहीत, हा नियम धरा. बाकी कायद्याचं थोडं सांगते, मी याच क्षेत्रात काम करते.

इंग्लंडमध्ये डिपॉझिट पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही. २०१९ चा कायदा आहे. १,५०० भाडं असेल तर १,७३० पर्यंत. घर धरून ठेवायला जी रक्कम देता ती एका आठवड्याच्या भाड्याइतकीच, म्हणजे ३४६. एजंट वेगळी फी, कागदपत्रांचा खर्च वगैरे लावू शकत नाही. डिपॉझिट मालकाने सरकारमान्य योजनेत ३० दिवसांत जमा करायचं असतं. त्याची पावती मागून घ्या.

एजंट सहसा वर्षाचा पगार महिन्याच्या भाड्याच्या ३० पट आहे का ते बघतात. तुमच्या ५०,००० ला १,६६० पर्यंतचं घर बसतं, त्यामुळे १,५०० ला अडचण नाही. इथला पतइतिहास नसतो म्हणून पूर्वी नव्या लोकांकडून सहा-सहा महिन्यांचं भाडं आगाऊ घ्यायचे. १ मे २०२६ पासून नवीन कायद्याने एका महिन्यापेक्षा जास्त आगाऊ भाडं मागायला बंदी आहे. त्यामुळे काही मालक आता जामीनदार मागतात. कंपनीच्या एचआरकडून पगाराचं आणि नोकरी कायम असल्याचं पत्र आधीच हातात ठेवा.

भाकरीचा_चंद्र
आम्ही २०२२ ला आलो तेव्हा सहा महिन्यांचं एकदम भरलं होतं. बायकोचे दागिने ठेवून कर्ज काढलं होतं त्यासाठी. नवीन लोकांना तो ताण नाही हे वाचून बरं वाटलं.

घर बघताना एक करा. भिंतीला लावलेलं कपाट जरासं पुढे ओढून मागे बघा. आम्ही घर घेतलं मे महिन्यात, लख्ख ऊन, पांढऱ्या भिंती, खुश झालो. नोव्हेंबरात मुलाच्या खोलीतलं कपाट सरकवलं तर मागे खालपासून कंबरेपर्यंत काळी बुरशी. स्वेटरला वास, मुलाला खोकला. त्यात थंडीत कपडे घरातच वाळवावे लागतात, त्याने ओल आणखी वाढते. एजंटला अठरा मेल केल्या. फेब्रुवारीत एक माणूस आला आणि वरून रंग मारून गेला. ते घर आम्ही सोडलं, पण मुलाची ती थंडी वाया गेली त्याचं अजून वाईट वाटतं. ताजा रंग फक्त एकाच कोपऱ्यात दिसला तर विचारा, का दिला. ऊर्जेचा दाखला बघा, सी असेल तर उत्तम, डी चालेल, ई असेल तर गॅसचं बिल थंडीत रडवेल.

सह्यकडा
कौन्सिल टॅक्स, म्हणजे इथल्या पालिकेचा घरावरचा कर, कुणीच लिहिला नाही. भाडेकरूनेच भरायचा असतो, मालकाने नाही. ए ते एच असे बँड, आणि ते ठरतात १९९१ सालच्या घराच्या किमतीवर. आमचा सी बँड आहे, दहा हप्त्यांत प्रत्येकी दोनशेच्या आसपास. फेब्रुवारी-मार्चला हप्ता नसतो.

स्लाउला जाणाऱ्याने हेही लक्षात घ्यावं की तिथली कौन्सिल २०२१ मध्ये आर्थिक अडचणीत येऊन तिने सेक्शन ११४ ची, म्हणजे खर्चाला पैसे पुरत नाहीत अशी, नोटीस काढली होती. २०२३ मध्ये टॅक्स एकदम ९.९९ टक्के वाढला. घराच्या जाहिरातीत बँड लिहिलेला असतो, तो पाहून मगच घर बघायला जा.

वाईकर
सह्यकडा, बरोबर आहे, वाढला. तरी एकूण हिशेबात स्लाउ अजून खाली बसतं असं माझं मत. टेकडीवरचा, तुमच्यासाठी मी कागदावर मांडलं: भाडं १,४५०, गाडी २८०, कौन्सिल टॅक्स सरासरी १७०, वीज-गॅस-पाणी २००, इंटरनेट आणि फोन ५०, वाणसामान ४००. झाले २,५५०. पेन्शन कापून हातात ३,१५० च्या आसपास येतील. सहाशे उरतात. त्यात कपडे, औषधं, वर्षातून एकदा भारतात जायचं तिकीट. एकाच्या पगारात जमतं, पण ओढाताण होते.

चिवडा_पातळ_पोह्यांचा
आणि स्लाउच्या त्या १,४५० मध्ये दुकानावरचा फ्लॅट मिळतो. आमच्याकडे बाग.

वाईकर
लँगलीला बागेसकट मिळतं, जरा शोधावं लागतं.

ठाकुर्लीकर
लीग्रेव्हलाही.

शाळा_मास्तरीण
आपण सगळे त्यांच्या नोकरीला धरून गाव शोधतोय. मुलगी फेब्रुवारीत चारची झाली, म्हणजे याच सप्टेंबरात तिला रिसेप्शनला, म्हणजे शाळेच्या पहिल्या वर्गाला, जायचंय. इथे अर्जाची मुदत १५ जानेवारीला संपते आणि शाळा १६ एप्रिलला कळते. तुमची मुदत गेली आहे. आता उशिराचा अर्ज कौन्सिलकडे करायचा, जिथे जागा शिल्लक असेल ती शाळा मिळणार. लहान वर्गांत एका शिक्षकामागे ३० च मुलं असा कायदा आहे, त्यामुळे शाळेची इच्छा असूनही एकतिसावं मूल सहसा घेता येत नाही. आणि पत्त्याचा पुरावा म्हणून बहुतेक कौन्सिल भाडेकरार मागतात, हॉटेलचा पत्ता धरत नाहीत.

म्हणून आजच चारही कौन्सिलना ईमेल करा: सप्टेंबरसाठी रिसेप्शनच्या जागा कुठल्या शाळांत रिकाम्या आहेत? मी शाळेत सहायक आहे. दर ऑगस्टमध्ये असे आईबाप बघते. घर एका टोकाला, शाळा दुसऱ्या टोकाला, आणि आई पावसात दोन बस बदलून मुलाला नेतेय. घर शाळेमागोमाग घ्या.

स्लाउला चार ग्रामर शाळा (प्रवेशपरीक्षा घेऊन मुलं निवडणाऱ्या) आहेत म्हणून काही जण तिथे धावतात. ती परीक्षा वयाच्या अकराव्या वर्षाची. चार वर्षांच्या पोरीसाठी ते आज डोक्यात घेऊ नका.

नीरा_भीमा
मास्तरीणबाईंना अनुमोदन. आणि मी जे लिहायला कचरत होते ते लिहूनच टाकते.

मी सात वर्षांपूर्वी आले तेव्हा नवऱ्याने घर स्वस्त म्हणून एका आडगावात घेतलं होतं. स्टेशनला तो मोटारीने जायचा, स्टेशनवर गाडी लावून लंडन. मला चालवता येत नव्हतं. बस तासाला एक. नोव्हेंबरात दुपारी चार-सव्वाचारला अंधार पडायला लागला की मुलाला घेऊन बाहेर पडणं बंद. सकाळी सातला दार लागायचं ते संध्याकाळी साडेसातला उघडायचं, मधल्या वेळात मी मराठीत एक शब्द बोलले तर आईशी फोनवर. भाड्यात अडीचशे पौंड वाचत होते. दीड वर्षाने रेडिंगला आलो. पहिल्याच आठवड्यात सतरा नंबरच्या जांभळ्या बसमध्ये शेजारच्या बाईने मला विचारलं, तुम्ही सोलापूरच्या का? मी बसमध्येच रडले.

तुम्ही आठवड्यातून तीन दिवस गावाबाहेर असाल. ती सातही दिवस तिथे असेल. तिला विचारलंत का?

ठाकुर्लीकर
हे वाचून थांबलोच. आमच्या लीग्रेव्हच्या घरी बायको पहिल्या वर्षी काय करत होती, हे मी आज तिला विचारलं. तासभर बोलत होती.

काकू_हाउन्स्लोच्या
नीरा, तू आम्हा सगळ्यांचं बोललीस गं. मी आले तेव्हा फोन करायलासुद्धा पाच पौंडांचं कार्ड खरवडावं लागायचं.

टेकडीवरची
नमस्कार. मी टेकडीवरचा यांची बायको. त्यांनी काल रात्री मला हा धागा दाखवला आणि म्हणाले, तूच लिही. म्हणून नवीन आयडी घेतला.

खरं तर त्यांनी विचारलं नव्हतं असं नाही. मीच म्हटलं होतं, तुम्हाला सोयीचं ते बघा. आता सांगते. मी नाशिकला एका पतसंस्थेत नऊ वर्षं हिशेब बघितले. मला मोटार येत नाही. मुलगी बोलकी आहे, पण इंग्रजी फक्त गाण्यांपुरतं. मला दोन गोष्टी हव्यात: पायी जाता येईल असं वाचनालय किंवा बाग, आणि मला काम करायचं आहे. माझ्या व्हिसावर काम करता येतं का? आणि मला मराठी माणसं हवीत, पण फक्त मराठीच हवीत असंही नाही.

जुई_र
स्वागत! हो, स्किल्ड वर्कर व्हिसावर आलेल्याच्या जोडीदाराला नोकरी करता येते, वेगळी परवानगी लागत नाही. व्हिसावर सरकारी मदत नाही अशी अट असते, म्हणजे बालभत्ता वगैरे अर्ज करू नका. पण शाळा फुकट आहे. शिवाय तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी शाळा सुरू होण्याआधीचे आठवड्याचे १५ तास नर्सरी सगळ्यांना आहे, त्याला व्हिसा आड येत नाही. डॉक्टर आणि दवाखान्यासाठी तुम्ही व्हिसाबरोबर आरोग्याचा सरचार्ज भरलेलाच आहे, मोठ्यांचा वर्षाला १,०३५ आणि मुलांचा ७७६. तेव्हा आल्या आल्या जीपीकडे, म्हणजे आपल्या भागातल्या डॉक्टरकडे, नाव नोंदवा, हक्काचं आहे.

वाईकर
वहिनी, मोटार येत नाही म्हणता तर मिल्टन कीन्स मागे पडलं (चिवडाकाका, रागावू नका). स्लाउच्या मध्यात द कर्व्ह म्हणून मोठं वाचनालय आहे, २०१६ ला उघडलं, स्टेशनपासून चालत. सॉल्ट हिल पार्क आहे. विंडसरचा किल्ला सहा मिनिटांच्या गाडीवर. माझी बायको आली तेव्हा वाचनालयातल्या गोष्टींच्या तासाला मुलाला घेऊन जायची. तिथेच एका पोलिश आईशी ओळख झाली आणि तिच्याकडूनच नोकरीची जागा कळली. आज ती एका गोदामाच्या हिशेब विभागात आहे. स्लाउच्या औद्योगिक वसाहतीत अशी कामं निघत असतात.

चिवडा_पातळ_पोह्यांचा
नाही रागावलो. मोटार शिकल्यावर या, घर तोवर शोधून ठेवतो.

ठाकुर्लीकर
वहिनी, मराठी माणसांचं विचारलंत म्हणून. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासूनचं आहे, वास्तू डॉलिस हिलला. लीग्रेव्हहून थेम्सलिंकने वेस्ट हॅम्पस्टेड, तिथे ज्युबिली लाइन पकडायची, तिसरा थांबा. आम्ही गणपतीत जातो. तुमच्या मुलीचं तिकीट पाच वर्षांपर्यंत लागणारच नाही.

शाळा_मास्तरीण
मुलीच्या इंग्रजीची काळजी करू नका. आमच्या वर्गात दर वर्षी तीन-चार मुलं एकही शब्द न येता येतात. घरी मराठीच बोला, आम्ही शाळेतूनही आईबापांना तेच सांगतो. डब्याला तिची आवडती गोष्ट द्या, पहिल्या महिन्यात तेवढा एक ओळखीचा वास तिच्याजवळ असू दे. शेंगदाणे मात्र नकोत, आमच्यासारख्या बऱ्याच शाळांत चालत नाहीत. म्हणजे साबुदाण्याची खिचडी घरीच.

टेकडीवरचा
मंडळी, आठवड्याने लिहितोय. चारही कौन्सिलना ईमेल केले, तिघांची उत्तरं आली. लूटन आणि स्लाउ दोघांनी रिकाम्या जागांच्या शाळा कळवल्या. मिल्टन कीन्सचंही उत्तर चांगलं होतं, पण मोटारीमुळे तूर्त नाही. रेडिंग पासामुळे सोडलं.

माझा मूळ प्रश्न होता महिनाअखेर किती उरतील. आता आम्ही दोघांनी मिळून वही केली आहे. वाईकरांचा हिशेब पहिल्या पानावर, त्याखाली हिने स्वतःचा रकाना काढलाय: घर ते शाळा किती मिनिटं पायी, वाचनालय किती, भाजी किती. कंपनीला सांगून हॉटेल लंडनऐवजी स्लाउला घेतलं. दोन आठवड्यांत लँगली आणि लीग्रेव्ह दोन्हीकडे घरं बघणार, एकदा सकाळी, एकदा कामाच्या दिवशी संध्याकाळी, ऑफिस सुटायच्या गर्दीतून स्वतः प्रवास करून. कपाटं सरकवून बघणार. पैसे घर डोळ्यांनी बघितल्यावरच.

काकू, हाउन्स्लोची बेरीजही केली. आमच्या मर्यादेत दोन बेडरूम बसत नाही, एकच बसतं. आई वर्षातून दोन महिने यायची आहे.

काकू_हाउन्स्लोच्या
आई येणार असेल तर दोन खोल्याच हव्यात, बरोबर केलंत. आणि आईला थंडीत बोलावू नका, मेमध्ये बोलवा.

भाकरीचा_चंद्र
घर मिळालं की आत जायच्या दिवशी प्रत्येक खोलीचा, प्रत्येक डागाचा, मीटरच्या आकड्याचा फोटो काढा आणि त्याच दिवशी एजंटला मेल करा. सोडताना डिपॉझिट त्यावरच परत मिळतं. आमचं पूर्ण मिळालं.

टेकडीवरची
नीराताई, तुम्ही लिहिलं नसतंत तर मी गप्पच बसले असते. सोलापूरच्या त्या बाईंना माझा नमस्कार सांगा.

नीरा_भीमा
सांगते. त्या आता माझ्या मुलाला मराठी बाराखडी शिकवतात, दर रविवारी.

वाईकर
वहिनी, सामानात कुकर कोंबू नका, वजन जातं. आमच्याकडे तीन लिटरचा एक जास्तीचा आहे, रबर मागच्याच महिन्यात बदललंय. हॉटेलवर पोचलात की इथेच लिहा, बायको आणि मी आणून देतो. पहिल्या दिवशीचा वरणभातही आमच्याकडून.